गायरान, माळ आणि कुरण कर्ब साठवतात की सोडतात? बेळगाव सीमाभागातील वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी आणि अथणी या भागांतील शेतकरी, दूध उत्पादक, मेंढपाळ आणि ग्रामपंचायत सदस्य गवताखालच्या जमिनीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एक प्रमाण मात्र आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण पुढचा बराच हिशेब त्यावर चालतो: मातीतला १ टन कर्ब, म्हणजे कार्बन, हवेत गेला तर त्यापासून ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

एका वाक्यात उत्तर द्यायचे तर गवताळ जमीन कर्ब साठवते की सोडते?

एका वाक्यात द्यायचे तर असे: न नांगरलेली, बहुवर्षायू गवताची आणि बेताने चरलेली जमीन कर्ब धरून ठेवते व हळूहळू वाढवते, पण तीच जमीन नांगरली, उघडी बोडकी होईपर्यंत चारली किंवा तिच्यावर भरमसाट नत्रखत टाकून जनावरांची संख्या वाढवली, तर तिचा एकूण हिशेब तोट्यात जातो.

येथे ‘एकूण’ हा शब्द जपून वापरला आहे. मातीतला कर्ब वाढत असतानाही त्याच जमिनीशी बांधलेली जनावरे मिथेन सोडत असतात आणि खतातून व शेण-मुतातून नायट्रस ऑक्साइड निघत असतो. या तिन्ही वायूंचा मेळ घातल्याशिवाय दिलेले कोणतेही उत्तर अपुरे राहते. जगभरच्या गवताळ प्रदेशांचा असा हिशेब मांडणारा एक अभ्यास २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नैसर्गिक आणि विरळ चराईच्या गवताळ प्रदेशांमुळे हवामानाला जो गारवा मिळतो, तो माणसाने गहनपणे वापरलेल्या कुरणांतून निघणाऱ्या वायूंच्या तापवणाऱ्या परिणामामुळे फिटून जातो, असा त्याचा निष्कर्ष आहे. युरोपातील नऊ ठिकाणच्या कुरणांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापातही माती कर्ब साठवताना दिसली. परंतु जनावरांचे वायू आणि कापून बाहेर नेलेल्या गवताचे पुढे काय होते हे हिशेबात धरल्यावर एकूण लाभ शून्यापेक्षा ठामपणे वेगळा म्हणता आला नाही.

गवत तर दरवर्षी कापले जाते किंवा जनावरे खातात. मग कर्ब साठतो कुठे?

मुळांत आणि मुळांभोवतीच्या मातीत. जंगलाचा कर्ब मोठ्या प्रमाणात खोडा-फांद्यांत डोळ्यांना दिसतो, तर गवताळ जमिनीचा बहुतेक कर्ब जमिनीखाली असतो. म्हणूनच उन्हाळ्यात पिवळा, ओसाड दिसणारा माळ ‘रिकामा’ आहे, असा गैरसमज सहज होतो.

मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी गवत यांसारखी बहुवर्षायू गवते एकाच ठोंबातून वर्षानुवर्षे फुटतात. पावसाळ्यात त्यांची मुळे खोल जातात, त्यांतली बारीक मुळे काही महिन्यांत मरतात आणि त्यांच्या जागी नवी येतात. जिवंत मुळे शर्करायुक्त द्रव मातीत सोडतात. त्यावर जिवाणू आणि बुरश्या जगतात, आणि त्या मेल्या की त्यांच्या अवशेषांचा काही भाग चिकणमातीच्या कणांना व लोहाच्या ऑक्साइडांना घट्ट चिकटतो. मातीत दशकानुदशके टिकतो तो मुख्यतः हा चिकटलेला कर्ब. वरचा पालापाचोळा व अर्धवट कुजलेली मुळे हा दुसरा भाग. तो लवकर वाढतो आणि तितक्याच लवकर जातो.

माळाची अवस्था ओळखायची असेल तर ऑक्टोबरात त्यावरून चालत जावे. पायजम्याला आणि मेंढ्यांच्या लोकरीला कुसळी गवताची काळसर कुसळे झुपक्याने चिकटली, तर जनावरांना आवडणारी गवते मागे पडून कुसळीने जागा घेतली आहे असे समजावे. कुसळीच्या बियांची शेपटी ओलाव्याने पीळ सोडते, सुकली की पुन्हा पीळ घेते आणि अशा रीतीने बी स्वतःला जमिनीत रुतवून घेते. अति चराई आणि वणवा या दोन्हींत ती तग धरते. कुसळीसुद्धा बहुवर्षायू आहे, तिच्याखाली कर्ब टिकतो. चिंतेची अवस्था त्यापुढची: ठोंब विरळ होऊन मध्ये उघडी माती दिसू लागते आणि पावसाळ्यात केवळ बोटभर उंचीची हंगामी गवते उगवून दिवाळीपर्यंत वाळून जातात.

खानापूरची तांबडी माती आणि अथणीची काळी माती यांत फरक पडतो का?

फार पडतो. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे तो अनेक पटींनी वाढतो आणि पूर्वेला अथणीकडे पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास उतरतो. एकाच जिल्ह्यात एवढी तफावत असताना ‘बेळगावची गवताळ जमीन’ असा एकच आकडा सांगणे चुकीचे ठरते.

पश्चिमेच्या जांभ्या मातीत गवत भरपूर वाढते आणि लोहाची संयुगे सेंद्रिय कर्बाला बांधून ठेवतात, मात्र मातीचा थर अनेक ठिकाणी उथळ असतो आणि त्यात खडे पुष्कळ असतात. पूर्वेच्या काळ्या मातीत चिकणमाती जास्त असल्यामुळे कर्ब धरण्याची क्षमता मोठी आहे, पण पाऊस कमी असल्याने त्यात दरवर्षी पडणारी भर लहान असते. शिवाय काळ्या मातीत चुनखडी असते. चुनखडीतही कर्ब असतो. तो गवताने साठवलेला नव्हे. मोजमापात दोहोंची सरमिसळ झाली तर अथणीच्या एखाद्या रानात भरपूर ‘कर्ब’ दिसेल आणि त्यातला बराच भाग चुनखडीचा निघेल.

पहिल्या वळिवानंतर माती कर्ब सोडते असे ऐकले. हे खरे आहे का?

होय. महिनोन्‌महिने कोरडी राहिलेली माती एकदम भिजली की मेलेल्या जिवाणूंचे अवशेष आणि कणांच्या आत अडकलेले सेंद्रिय पदार्थ मोकळे होतात, उरलेले जिवाणू त्यांवर तुटून पडतात आणि काही तासांत कार्बन डायऑक्साइडचा मोठा झोत बाहेर पडतो. एच. एफ. बर्च या संशोधकाने १९५० च्या दशकात याचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून याला बर्च परिणाम म्हणतात.

एप्रिल-मेच्या वळिवात आपल्याकडे नेमके हेच घडते, आणि त्या वेळी ते शोषून घ्यायला हिरवे पान जमिनीवर नसते. मृगाच्या पावसानंतर गवत वाढू लागले की उलट प्रवाह सुरू होतो. म्हणून एका दिवसाच्या किंवा एका महिन्याच्या मोजणीवरून जमीन कर्ब सोडते की साठवते हे सांगू नये. किमान पूर्ण वर्षाचा आणि शक्यतो चांगल्या-वाईट पावसाच्या अनेक वर्षांचा हिशेब लागतो.

म्हशी आणि गायींच्या मिथेनपुढे गवताने साठवलेला कर्ब कितीसा ठरतो?

हा प्रश्न दूध उत्पादकांना झोंबतो, तरी त्याचे उत्तर आकड्यांनीच द्यायला हवे.

हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २००६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातील म्हशीसाठी वर्षाला ५५ किलो मिथेन हा प्रमाण आकडा धरला आहे. शंभर वर्षांच्या मापाने जैविक मिथेनचा तापवणारा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट असतो. म्हणजे एका म्हशीचा वर्षाचा मिथेन साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा झाला. आता जमिनीची बाजू पाहू. व्यवस्थापन सुधारल्यावर गवताळ मातीतला कर्ब हेक्टरी वर्षाला साधारण ०.१ ते १ टन एवढा वाढल्याचे जगभरचे प्रयोग सांगतात. आपण ०.३ टन धरू; तो १.१ टन कार्बन डायऑक्साइड झाला, म्हणजे एकरी सुमारे ४५० किलो. एका म्हशीचा मिथेन भरून काढायला अशी सुधारत असलेली सव्वातीन एकर गवताळ जमीन लागते. किती घरांकडे म्हशीमागे सव्वातीन एकर कुरण आहे, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. त्यामुळे ‘गायरान असल्यामुळे आमचे दूध कर्बमुक्त आहे’ असा दावा कोणी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तरीही दोन गोष्टी न्यायाने सांगितल्या पाहिजेत. मिथेन हवेत सुमारे १२ वर्षे टिकतो. गावातील जनावरांची संख्या अनेक दशके स्थिर असेल, तर आज सुटणारा मिथेन जुन्या, विघटन पावणाऱ्या मिथेनची जागा घेतो आणि तापमानावरचा त्याचा भार बहुतांशी आहे तेवढाच राहतो. संख्या वाढली की भार वाढतो, घटली की उतरतो. कार्बन डायऑक्साइड मात्र साठत जातो. दुसरे असे की, वाळलेल्या कडब्यावर आणि उसाच्या पाल्यावर जगणारे जनावर थोडे दूध देते आणि लिटरमागे जास्त मिथेन सोडते. कोवळे गवत, द्विदल चारा आणि वेळेवरचे औषधपाणी यांनी दर लिटरमागचा मिथेन कमी होतो. दोन कमी दुधाच्या म्हशींऐवजी एक निरोगी, नीट खाल्लेली म्हैस ठेवणे हा घराच्या आणि हवेच्याही हिताचा मार्ग आहे.

कोरडी गवताळ माती हवेतील मिथेन थोडाफार शोषूनही घेते. हे प्रमाण हेक्टरी वर्षाला काही किलोंचेच असते, म्हणून त्यावर भिस्त ठेवता येत नाही. मेंढीचा मिथेन प्रमाण आकड्यानुसार वर्षाला ५ किलो, म्हणजे म्हशीच्या मिथेनचा अकरावा हिस्सा.

सुगीनंतर शेतात मेंढरे बसवली तर शेतातला कर्ब वाढतो. ही भर खरी की नाही?

शेतापुरती खरी. ज्वारी-हरभऱ्याची काढणी झाली की धनगर आणि कुरुबर मेंढपाळांचे कळप रात्री शेतात बसवण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे, आणि लेंडी-मुतातून मिळणारे खत पिकाला लागू पडते याविषयी शेतकऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही. परंतु मेंढ्यांनी दिवसभर खाल्लेले गवत माळावरचे होते. खाल्लेल्या कर्बाचा निम्म्याहून अधिक भाग श्वासातून परत हवेत जातो, थोडा मिथेन होतो, थोडा मांस-लोकरीत राहतो आणि उरलेला लेंडीतून जमिनीवर पडतो. म्हणजे माळावरचा कर्ब आणि नत्र शेतात आले.

या प्रथेत वाईट काही नाही. युरियाचे पोते वाचते हा मोठाच फायदा आहे. हिशेब मांडताना मात्र शेतात वाढलेला कर्ब जमेला धरायचा आणि माळावर घटलेला सोडून द्यायचा, असे करू नये. गायरानावरचे शेण वर्षानुवर्षे गोळा करून उकिरड्यात नेले जाते, तेथेही हीच गोष्ट लागू होते.

मग चराई पूर्ण बंद करून कुंपण घालावे का?

कायमची बंद करू नये. पावसाळ्यात आळीपाळीने बंद ठेवावी.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने हिमालयातील स्पितीमध्ये चरणारी आणि कुंपण घालून चराई थांबवलेली अशा दोन प्रकारच्या जमिनींची अनेक वर्षे तुलना केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कुंपणाआतील मातीतल्या कर्बाचे वर्षावर्षांतले चढउतार अधिक दिसले. चरणाऱ्या जनावरांमुळे साठा स्थिर राहण्यास मदत होत होती. स्पितीचे थंड वाळवंट आणि कणकुंबीचा पावसाळी डोंगर यांत फार अंतर आहे, त्यामुळे ते आकडे इकडे लावता येत नाहीत. पण चरणारे जनावर म्हणजे कर्बाचा शत्रू, हे समीकरण त्यातून ढिले होते.

खरा प्रश्न किती आणि केव्हा हा आहे. जून ते सप्टेंबर या काळात ठोंबाला पाने वाढवून मुळांत साठा करायचा असतो. याच काळात रोजच्या रोज चरत राहिले तर ठोंब मुळांतला साठा खर्च करून पुन्हा पुन्हा फुटतो, मुळे आखूड होत जातात आणि तीन-चार वर्षांत तो मरतो. गायरानाचे तीन-चार तुकडे पाडून दरवर्षी आळीपाळीने एक तुकडा पूर्ण पावसाळा बंद ठेवला, बी गळून पडल्यावर गवत कापून गंजी रचली आणि मग उरलेल्या खुंटांवर जनावरे सोडली, तर मुळांना सवड मिळते आणि चाराही मिळतो. गवताची सुमारे निम्मी वाढ जमिनीवर राहू द्यावी, हा चराई व्यवस्थापनातला जुना नियम येथेही उपयोगी आहे. अनेक गावांत कुरण राखण्याची पद्धत एकेकाळी गावानेच पाळलेली होती; ती पुन्हा बसवायला कोणत्याही यंत्राची गरज नाही, गावाच्या एकमताची आहे.

माळाला वणवा लावला तर नवे गवत चांगले फुटते. त्याने कर्बाचे नुकसान होते का?

जळालेल्या गवताचा कार्बन डायऑक्साइड पुढच्या पावसाळ्यातले गवत बहुतांशी परत घेते, म्हणून आंतरराष्ट्रीय हिशेबात तो सहसा तोटा धरत नाहीत. जळताना निघणारे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र परत येत नाहीत. त्याहून मोठे नुकसान जमिनीवर होते: फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेल्या आगीनंतर तीन-चार महिने माती उघडी राहते आणि वळिवाच्या जोरदार सरी तिचा वरचा, सर्वांत जास्त कर्बाचा थर ओढ्यात नेतात. खानापूरच्या उतारांवर हे विशेष घडते. दरवर्षी त्याच जागी आग लावण्याचे समर्थन आम्हाला करता येत नाही. कापून नेलेले गवत निदान जनावराच्या पोटात जाते.

हत्ती गवताचा प्लॉट कर्ब साठवतो का?

ओलिताखालच्या हत्ती गवताचे उत्पन्न पाहून अनेकांना वाटते की एवढे गवत म्हणजे एवढाच कर्ब. पण वरचे सगळे गवत कापून गोठ्यात जाते. जमिनीत राहतात ती मुळे आणि खुंट. ठोंब काही वर्षे न मोडता ठेवल्यामुळे दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या पिकापेक्षा मातीला फायदा होतो, आणि शेणखत परत घातले तर तो वाढतो.

दुसऱ्या बाजूला खत आहे. युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात सुमारे २०.७ किलो नत्र असते. त्यातला साधारण १ टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात हवेत जातो असे प्रमाण धरले, आणि या वायूचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट आहे हे लक्षात घेतले, तर एका पोत्यामागे सुमारे ९० किलो आणि युरिया मातीत विरघळताना थेट सुटणारे ३३ किलो मिळून सव्वाशे किलोच्या घरात कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो. कारखान्यात युरिया तयार करताना जळालेला वायू यात धरलेला नाही. वर्षात चार पोती टाकली की सुधारत असलेल्या एका एकर माळाची वर्षाची कमाई संपली आणि थोडी उणे झाली. हत्ती गवत लावू नका असे आमचे म्हणणे नाही. चवळी किंवा दशरथ घासासारखी द्विदल पिके सोबत घ्यावीत, शेणखताने नत्राचा मोठा भाग भागवावा आणि कापणीनंतर पोते उधळण्याआधी माती परीक्षण करावे.

पडीक माळ नांगरून ऊस किंवा काजू लावला तर? शेवटी तेही हिरवेच आहे.

या एका प्रश्नावर आम्हाला सर्वांत जास्त आग्रहाने बोलावेसे वाटते, कारण येथे होणारे नुकसान एका आठवड्यात होते आणि भरून यायला एक पिढी लागते.

उदाहरणादाखल एका हेक्टर माळाच्या वरच्या ३० सेंटिमीटर मातीत ०.९ टक्का सेंद्रिय कर्ब आहे आणि दर घन सेंटिमीटरला मातीचे वजन १.३ ग्रॅम आहे असे धरा. माती ३,९०० टन भरते आणि कर्ब सुमारे ३५ टन. जेसीबीने दगड काढून, ट्रॅक्टरने खोल नांगरून, रोटर मारून तेथे पीक घेतले की मातीचे ढेकूळ फुटतात, आत सुरक्षित असलेला कर्ब हवा आणि जिवाणू यांच्यापुढे उघडा पडतो आणि पहिल्या काही वर्षांतच वेगाने जातो. कुरणाची शेतजमीन झाली तेव्हा मातीतला कर्ब सरासरी ५९ टक्क्यांनी घटला, असे २००२ सालच्या एका जागतिक आढाव्यात दिसले. आपण त्याहून सौम्य, ४० टक्के घट धरू. १४ टन कर्ब गेला, म्हणजे ५१ टन कार्बन डायऑक्साइड. एकरी सुमारे २१ टन. हाच साठा हेक्टरी ०.३ टनाच्या गतीने परत आणायचा तर ४५ वर्षांहून अधिक काळ लागतो.

काजूची गोष्ट उसाहून थोडी वेगळी आहे, कारण झाडांच्या खोडांत कर्ब साठतो आणि पहिल्या खड्ड्यांनंतर जमीन फारशी हलवली जात नाही. खड्ड्यापुरतीच जमीन उकरून मधले गवत राखले तर माळाचे बरेचसे वाचते. बागेतील गवत दरवर्षी तणनाशकाने किंवा नांगरटीने काढण्याची सवय मात्र मातीला उघडी पाडते. आधीच नांगराखाली असलेल्या जमिनीत ऊस घ्यावा की आणखी काही, हा वेगळा विषय आहे. आमचा आग्रह अजून कधीच न नांगरलेल्या माळापुरता आहे.

गायरानावर दाट वृक्षारोपण केले तर कर्ब दुप्पट साठेल ना?

वरचा साठा वाढतो, खालच्याची हमी नसते. गवताळ जमिनीत झुडपे शिरल्यावर काय होते याची अमेरिकेत तुलना झाली. २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कोरड्या ठिकाणी मातीतला कर्ब वाढलेला, तर जास्त पावसाच्या ठिकाणी घटलेला आढळला. अकेशिया किंवा निलगिरीच्या दाट रांगांखाली सावलीने गवत मरते, गायरानावर अवलंबून असलेली जनावरे उरलेल्या तुकड्यावर एकवटतात आणि तेथे अति चराई होते. हा तोटा वृक्षारोपणाच्या फलकावर कुठेच लिहिलेला नसतो. ज्या जागी पूर्वी झाडी होती ती तोडली गेली असेल तर तेथे झाडे लावावीत. जांभ्याच्या सड्यावर आणि जुन्या गवताळ माळावर खड्डे काढू नयेत. बांधावर, ओढ्याकाठी आणि गोठ्याभोवती विरळ देशी झाडे लावायला कोणाचीच हरकत नसावी.

कर्ब किती वर्षे वाढत राहतो?

कायम नाही. कणगी भरत आली की तिच्यात धान्य मावेनासे होते, तसा मातीचा साठा नव्या समतोलाला पोहोचतो. आयपीसीसी हिशेबासाठी २० वर्षांचा काळ धरते. त्यानंतर वाढ जवळपास थांबते आणि साठा राखण्याचे काम मात्र चालूच राहते. म्हशींचा मिथेन दरवर्षी निघतो, मातीची वाढ काही दशकांपुरती असते, हे विसरून केलेले हिशेब फसवे असतात.

आमच्या माळावर किती कर्ब आहे हे कसे मोजावे?

मृद आरोग्य पत्रिकेवरचा, म्हणजे २०१५ पासून मिळणाऱ्या सॉइल हेल्थ कार्डावरचा, सेंद्रिय कर्बाचा आकडा ही सुरुवात आहे. ०.५० टक्क्यांपेक्षा कमी म्हणजे कमी, ०.५० ते ०.७५ मध्यम आणि त्यापुढे जास्त, अशी त्याची विभागणी असते. पण टक्केवारी आणि साठा यांत फरक आहे, आणि तो विशेषतः खानापूर-जांबोटीच्या खडेदार मातीत महत्त्वाचा ठरतो.

साठा काढायला तीन गोष्टी लागतात: टक्केवारी, खोली आणि ठरावीक आकारमानातल्या मातीचे वजन. माहीत असलेल्या आकारमानाची लोखंडी कडी जमिनीत सरळ ठोकून, आतली माती न सांडता काढावी. १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून वजन करावे. मग २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळून वर राहिलेल्या खड्यांचे वजन वेगळे करावे. चाळणीवर निम्मे वजन खड्यांचे उरले, तर कर्ब धरणारी माती निम्मीच आहे. प्रयोगशाळा फक्त चाळलेल्या मातीची टक्केवारी देते. ती सगळ्या वजनाला लावली तर साठा दुपटीने फुगतो. ही चूक फार सर्रास होते.

नमुने ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर अशा दोन थरांतून, माळावर विखुरलेल्या दहा-पंधरा जागांवरून घ्यावेत. झाडाखालची, शेणाच्या ढिगाजवळची आणि वाटेवरची जागा टाळावी. पुढच्या वेळी त्याच महिन्यात आणि त्याच पद्धतीने नमुने घ्यावेत. आपल्या प्रयोगशाळांत बहुधा १९३४ पासून प्रचारात असलेली वॉकली-ब्लॅक पद्धत वापरतात. ती चुनखडीतला कर्ब मोजत नाही, हा अथणी-चिकोडीच्या काळ्या मातीसाठी गुण आहे. मात्र ती सगळा सेंद्रिय कर्ब पकडत नाही, म्हणून साधारण १.३ ने गुणण्याची प्रथा आहे. दोन वर्षांचे दोन अहवाल तुलनेला घेताना दोन्हींत हा गुणाकार झाला आहे की नाही, हे प्रयोगशाळेला विचारून घ्यावे.

आणि धीर धरावा. ३० टनांच्या साठ्यात वर्षाला ०.३ टन म्हणजे १ टक्का वाढ होते. एकाच माळाच्या दोन कोपऱ्यांतला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. पाच ते दहा वर्षांच्या अंतराने केलेल्या मोजणीतच बदल विश्वासाने दिसतो.

कार्बन क्रेडिटच्या नावाने गायरानाचा करार करायला लोक येतात. सही करावी का?

कार्बन क्रेडिट म्हणजे साठवलेल्या किंवा हवेत जाण्यापासून वाचवलेल्या कर्बाचे विकता येणारे प्रमाणपत्र. केंद्र सरकारने कार्बन क्रेडिट व्यापार योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित केली आणि त्याखेरीज ऐच्छिक बाजारही आहे, त्यामुळे असे प्रस्ताव यापुढे वाढतील. सही करण्याआधी चार प्रश्नांची लेखी उत्तरे मराठीत किंवा कन्नडात, जी भाषा सही करणाऱ्याला नीट वाचता येते तीत मागावीत: आजचा साठा कोण आणि किती खोलीपर्यंत मोजणार, करार किती वर्षांचा आणि मधल्या दुष्काळात साठा घटला तर भरपाई कोणाच्या डोक्यावर, जनावरांचा मिथेन हिशेबात धरला आहे का, आणि गायरान बंद झाल्यावर गावची जनावरे कुठे चरणार. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर बाकीची वाचूच नयेत.

शिवाय गायरान कोणा एकाच्या मालकीचे नसते. उताऱ्यावर नोंद पाहिल्याशिवाय आणि ग्रामसभेत विषय मांडल्याशिवाय कोणत्याही सदस्याने त्याविषयी शब्द देऊ नये. गावच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटवण्याच्या योजना राज्यांनी कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंह विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी दिला आहे. अतिक्रमणाच्या तक्रारीत त्याचा आधार घेता येतो.

उजाड झालेले गायरान सुधारायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

नांगर न लावता. उताराला आडवे दगडी किंवा मातीचे बांध घालून पाणी आणि माती आधी अडवावी, कारण वाहून जाणाऱ्या मातीवर पेरलेले बीही वाहून जाते. त्यानंतर एक तुकडा निवडून तो दोन पावसाळे पूर्ण बंद ठेवावा. अनेक ठिकाणी जुने ठोंब जमिनीत जिवंत असतात आणि केवळ विश्रांतीने उठतात. एवढ्यानेही उघड्या जागा भरल्या नाहीत, तरच बी टाकावे. कमी पावसाच्या बाजूला धामण आणि मारवेल, जास्त पावसाच्या बाजूला डोंगरी गवत आणि शेडा, आणि दोन्हीकडे थोडा स्टायलो हा द्विदल चारा, म्हणजे मातीला नत्रही मिळते.

झांशीच्या भारतीय चराईभूमी व चारा संशोधन संस्थेचे दक्षिण विभागीय केंद्र धारवाडला आहे, आणि धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठही आपल्या जिल्ह्यासाठी काम करते. बियाणे आणि सल्ल्यासाठी आधी तेथे किंवा जवळच्या रयत संपर्क केंद्रात विचारावे. जवळच्या राखलेल्या डोंगरावर चांगले गवत असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पहाटेचे दव उडाल्यावर, पिकलेले तुरे हाताने ओरबाडून गोळा करावेत आणि सावलीत वाळवून गोणपाटात ठेवावेत. यातल्या बऱ्याच गवतांचे ताजे बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिने मुरावे लागते. म्हणून ते पुढच्या मृगाच्या तोंडावर, ओलसर मातीत किंवा शेणात कालवून छोट्या गोळ्या करून, बांधांच्या वरच्या अंगाला टाकावे.